दरसालचे बाराशे पंच्याहत्तर

पंडित सुरवाडेच्या वहीत अठ्ठावीस गिऱ्हाइकं होती, आणि त्यांतल्या सत्तावीस जणांचा प्रश्न एकच होता: घेतलेल्या वस्तूचे पैसे पुन्हा का द्यायचे? अठ्ठाविसावं गिऱ्हाईक तो स्वतः होता. एजन्सी देताना कंपनीनं त्याला एक प्रत वापरायला दिली होती. यादीत तिचा नंबर पहिला होता, पण हा प्रश्न स्वतःला विचारायची वेळ त्याच्यावर आजवर आली नव्हती.

वस्तू म्हणजे पाच फ्लॉप्यांचा एक संच. नाव ‘सुगम’. पुण्याच्या एका कंपनीनं तो बनवला होता. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत; एक नंबर दाबला की खातेवही, दोन नंबर दाबला की कामगारांचं पगारपत्रक. किंमत साडेआठ हजार. पहिलं वर्ष देखभाल फुकट, दुसऱ्या वर्षापासून दहा टक्के. एवढं पंडितनं सगळ्यांना विकतानाच सांगितलं होतं, आणि तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली होती. विकत घेताना माणूस कशालाही मान डोलावतो.

१९९५च्या जानेवारीत कंपनीचं पत्र आलं की दहाचे पंधरा टक्के झाले आहेत. म्हणजे बाराशे पंच्याहत्तर. जो भरणार नाही त्याला नव्या वर्षाचा नंबर मिळणार नाही. दर एक एप्रिलला ‘सुगम’ एक नंबर मागत असे. तो दिला की नवं वर्ष उघडे, नाही तर जुन्याच वर्षाची पानं उलटत बसायचं. फेब्रुवारीत दुसरं पत्र आलं, ते खास पंडितला. जळगाव-धुळ्यातून एकतीस मार्चपर्यंतच्या तारखेचे किमान वीस ड्राफ्ट आले नाहीत, तर एजन्सी धुळ्याच्या एका मोठ्या दुकानाला देण्यात येईल. त्या दुकानात थंड हवेची खोली होती. पंडितचं ऑफिस म्हणजे जळगावच्या जुन्या बसस्टँडजवळ टायपिंग क्लासमधलं एक टेबल, भाडं महिना तीनशे. टायपिंगची परीक्षा जवळ आली की त्याला फोनवर ओरडून बोलावं लागे.

या टेबलासाठी त्यानं सूतगिरणीतली कायम नोकरी सोडली होती. वडिलांनी तेव्हा एकच विचारलं होतं, की नवीन कामात पगाराची चिठ्ठी मिळणार का. नाही म्हटल्यावर ते चार दिवस बोलले नव्हते.

सत्तावीस मार्चपर्यंत सोळा ड्राफ्ट जमले. धुळ्याच्या औषधाच्या ठोक व्यापाऱ्यानं तर ‘किती?’ एवढंच विचारून चेक फाडला आणि पंडितला दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं. बाकीचे इतक्या सहजी वळले नाहीत. जळगावच्या एका चटईवाल्यानं त्याला तीन वेळा बोलावलं आणि तिन्ही वेळा प्रिंटरची फीत बदलून घेतली. पाचोऱ्याच्या एकानं सांगितलं, की आपण घड्याळ मागे करून जन्मभर मार्चमध्येच राहू. चार जणांनी कॉम्प्युटरवर कापड घालून तो मुलांच्या खोलीत ठेवला होता.

उरलं अमळनेर. तिथं सहा गिऱ्हाइकं होती आणि सहाही जण भाईदासभाऊंकडे बघत. भाईदासभाऊंची तेलाची मिल, अडतीस कामगार, शिवाय गावाबाहेर शेती. ते भरतील तर बाकीचे पाच भरतील. ते नाही म्हणाले तर पंडितनं तिकिटाचे पैसेही वाया घालवू नयेत, अशी स्थिती होती.

अठ्ठावीसला मंगळवारी तो सकाळच्या पॅसेंजरनं अमळनेरला पोचला. भाईदासभाऊ मिलच्या मोठ्या वजनकाट्यावर बसले होते. खुर्ची होती, पण काट्याचं लोखंड सावलीत थंड राहतं असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांचं वजन त्र्याऐंशी किलो आहे हे मिलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एरवी ते शहरी मराठी बोलत. मुद्द्यावर आले की अहिराणीत उतरत. पंडितचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं, चौपदरी घडी केली आणि ते मुद्द्यावर आले.

“बैल एकदाव लिधा ना भाऊ, मंग दरसाल त्याना पैसा काबर देवाना?”

पंडितकडे उत्तरं तयार होती. सोळा जणांवर ती घासून गुळगुळीत झाली होती. त्यानं विम्याचा दाखला दिला. भाऊ म्हणाले, विम्यात निदान मेल्यावर तरी काही मिळतं. त्यानं वर्तमानपत्राची वर्गणी काढली. भाऊ म्हणाले, पेपर रोज नवा येतो, तुमचं तेच जुनं बोळकं. त्यानं सांगितलं की फंडाचे नियम बदलतात, कामगारांची कपात बदलते, विक्रीकराचे दर बदलतात. ते सगळं नव्या फ्लॉपीत घालून येतं. हे भाऊंना थोडं पटलं. पण मग त्यांनी विचारलं, की आधी साडेआठशे होते, आता बाराशे पंच्याहत्तर, तर पुढच्या साली किती? पंडितला ते माहीत नव्हतं. पत्रात लिहिलं होतं, ‘कंपनी वेळोवेळी ठरवील ती रक्कम’. हे वाक्य तो सगळीकडे जरा भरभर वाचत असे.

“आणि तुम्ही?” भाईदासभाऊ म्हणाले. “तुमच्याकडेही आहे ना एक संच? तुम्ही भरता का दरसाल?”

“माझी गोष्ट वेगळी आहे, भाऊ.”

“कशी?”

तेवढ्यात चहा आला म्हणून बरं. चहा घेऊन आले होते झुलालनाना, मिलचे मुनीम, वय बासष्ट. कॉम्प्युटर आला तेव्हा महिनाभर ते त्याच्या खोलीत पाऊल टाकायला तयार नव्हते. आता उजव्या हाताच्या एकाच बोटानं ते अडतीस जणांचा पगार अर्ध्या दिवसात काढत. आधी त्याला दोन दिवस लागत. शिवाय त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. एक एप्रिलला वर्ष उघडलं नाही तर पुन्हा लाल वही आणि बारीक आकडे, हे त्यांना दिसत होतं, निदान उजव्या डोळ्याला. त्यांनी कप खाली ठेवला आणि मालकाला म्हणाले, “भाऊ, हाई बलुतं शे.”

भाईदासभाऊंनी वर पाहिलं.

नानांनी समजावून सांगितलं. त्यांचे आजोबा सुतार. गावातल्या प्रत्येक नांगराचं काम त्यांच्याकडे. नांगर मोडो वा न मोडो, सुगीला खळ्यावर गेलं की त्यांच्या वाट्याचे दाणे मोजून ठेवलेले असत. कुणी म्हणत नसे की नांगर एकदा केलास, आता पुन्हा कशाला देऊ. नांगर चालू ठेवायचे ते दाणे होते. हे पंडितभाऊ तेच मागताहेत. नानांनी हे अभिमानानं सांगितलं. त्यांच्या घरात त्या दाण्यांची आठवण गोड होती.

“आते समजनं माले,” भाईदासभाऊ म्हणाले. “मंग हाई पहिलेच सांगानं ना.”

त्यानंतर सगळं इतक्या वेगानं झालं की पंडितला फक्त हो म्हणायचं काम उरलं. भाऊंनी माणूस पाठवून बाकीच्या पाचही जणांना बोलावून घेतलं. दोघे सायकलवर आले, एक लुनावर, दोघे चालत. ‘बलुतं’ म्हटल्यावर पाचांच्याही माना हलल्या. बैलाचा दाखला सकाळपर्यंत त्यांच्याही तोंडी होता, तो कुणाला आठवला नाही. ठरलं असं, की दरसाल पंडितभाऊला सुगीला द्यायचं, ज्याच्याकडे जे पिकतं ते, आणि उरलेली भरती रोखीनं, सवडीनं. भाईदासभाऊंनी तिथल्या तिथं ज्वारीचा पन्नास किलोचा एक कट्टा आणि सरकीच्या तेलाचा एक डबा काढायला सांगितला.

मग, देणाऱ्याचा हात सैल झाला की तोंडही सैल होतं, तसं झालं. जूनमध्ये भाऊंच्या मुलीचं लग्न होतं. आहेर लिहायला पंडितनं दोन दिवस यायचं, कॉम्प्युटर घेऊनच. पारोळ्याच्या साडूचा टीव्ही मुंग्या दाखवत होता, जाता-येता तो बघायचा. लुनावाल्याच्या मुलाला बारावीत गणित जड जात होतं. पंडितनं सगळ्याला हो म्हटलं. सोळाचे बावीस झाले होते. बावीस झालेल्या माणसाला टीव्ही काय आणि गणित काय.

परतीच्या पॅसेंजरमध्ये कट्टा दाराजवळ ठेवला आणि तो त्यावरच बसला. हिशेब मनात चालू होता. सहा ड्राफ्ट म्हणजे सात हजार सहाशे पन्नास, ते आता आपल्याच खिशातून काढावे लागणार. कंपनी ज्वारी घेत नाही. पण प्रत्येक ड्राफ्टमागे कंपनी त्याला चारशे रुपये परत देई, आणि दाणे विकता येतील. धरणगाव येईपर्यंत हिशेब बरा दिसत होता. धरणगाव गेल्यावर त्याला वाटायला लागलं की काहीतरी धरायचं राहिलं आहे. आकडे पुन्हा मांडले. आकडे बरोबर होते.

जळगावच्या मेहरूण भागात रिक्षा घरापुढे थांबली तेव्हा वडील ओट्यावर बसले होते. सुपडू सुरवाडे, सगळ्यांचे आबा, रेल्वेतून मुकादम म्हणून निवृत्त. मूळचे पहूरचे. चौतीस वर्षांच्या नोकरीतली पगाराची प्रत्येक चिठ्ठी त्यांनी जपून ठेवली होती, आणि निवृत्तीनंतर ती सवय त्यांनी पावत्यांवर वळवली. भिंतीला एक तार अडकवलेली होती. तीत किराण्याच्या, दळणाच्या, दवाखान्याच्या, सगळ्या पावत्या ओवलेल्या. चहाचा टपरीवालाही आबा दिसले की गंमत म्हणून कागदाचा कपटा फाडून त्यावर ‘दोन चहा’ लिहून देई. आबा तोही ओवत.

रिक्षावाल्यानं कट्टा ओट्याशी टेकवला. आबांनी विचारलं, हे काय.

“अमळनेरची फी. सहाही जण तयार झाले.”

“पावती?”

पंडितनं सगळं सांगितलं. बैल, नानांचे आजोबा, खळं, सुगी. तो शब्दही सांगितला, आणि सांगताना त्याचाच आवाज थोडा खाली आला. धरणगावनंतर काय धरायचं राहिलं होतं ते त्याला तिथं, ओट्याखाली उभं राहून कळलं.

आबा ओरडले नाहीत. ते उठले, त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि दाराच्या मधोमध ठेवून तिच्यावर बसले. म्हणजे कट्टा आत न्यायचा तर आबांना उचलून बाजूला ठेवावं लागलं असतं.

“माझा बाप सुगीला खळ्याखळ्यावर जाये,” ते म्हणाले. “मी संग राहू. दाणे काही कमी नव्हते, पंडित. एखादा तर मापावर दोन ओंजळी वर टाके. पन वर्षभर कोन कवा हाक मारंल अन् काय कामाची, ते कुठीच लिहेल नव्हतं. आम्ही ते सोडलं ते दाणे कमी म्हनून नाही. त्याले हद्द नव्हती म्हनून सोडलं.”

नंतर ते रेल्वेतल्या पहिल्या चिठ्ठीबद्दल बोलले. ती पंडितनं लहानपणापासून शंभरदा ऐकली होती: एवढे दिवस, एवढे तास, एवढी कपात, हातात एवढे. त्या चिठ्ठीत काय नव्हतं तेही आबांनी आज सांगितलं. तास संपल्यावरचं काही नव्हतं.

लग्नाचा आहेर, साडूचा टीव्ही आणि बारावीचं गणित यांबद्दल पंडितनं अजून काही सांगितलंच नव्हतं. आता त्यानं ते सांगितलंही नाही.

कट्टा आणि डबा ओट्यावरच राहिले. पंडितची बायको मंदा हिनं त्यावर प्लास्टिकचा कागद टाकला. ती म्हणाली, सासरा आणि नवरा यांच्या मधला प्रश्न सुटेपर्यंत दाण्यांनी का भिजावं. पाऊस मार्चमध्ये येणार नव्हता, पण शेजारची बकरी आली. सकाळी कट्ट्याचा एक कोपरा फाटलेला होता.

एकोणतीसला पंडित क्लासमध्ये लवकर गेला. मराठी टाइपरायटर परीक्षेच्या मुलांनी अडवायच्या आत त्यानं तो धरला, चार कागदांत तीन कार्बन घातले आणि लिहायला बसला. बाराशे पंच्याहत्तर रुपयांत काय मिळेल: नवी फ्लॉपी एक, वर्षाचा नंबर, वर्षातून चार फेऱ्या, तारखा आधी कळवून, फोन सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. काय मिळणार नाही: प्रिंटर, वीज, टीव्ही, शिकवणी आणि घरगुती कार्य. काम न झाल्यास त्या फेरीचे दोनशे परत. इथवर बोटं भराभर चालली. मग शेवटची ओळ आली: पुढच्या साली किती?

‘कंपनी वेळोवेळी ठरवील ती रक्कम.’ पंडितनं ते वाक्य आज प्रथमच सावकाश वाचलं. याला हद्द कुठं होती? भाईदासभाऊंचा बैल त्याच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. भाऊंना बाराशे पंच्याहत्तर जड नव्हते, तेवढं तेल तर त्यांच्या मिलच्या फरशीवर सांडत असेल. त्यांचा प्रश्न, हे कुठवर, असा होता, आणि त्याचं उत्तर न देता पंडितनं त्यांच्याकडून कट्टा उचलला होता.

त्यानं एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. तीन वर्षं तरी रक्कम वाढणार नाही असं लिहून मिळेल का, एवढंच विचारायचं होतं. लाल आकडे भराभर पळत होते. तिकडची मुलगी म्हणाली, साहेब मीटिंगमध्ये आहेत, आणि तुम्ही किती ड्राफ्ट पाठवताय? बावीस रुपये झाले तेव्हा पंडितनं फोन ठेवला. परत येऊन त्यानं शेवटची ओळ टाइप केली: पुढील तीन वर्षं रक्कम हीच राहील, कंपनीनं वाढवल्यास वाढ एजंट सोसेल. खाली सहीची जागा सोडली, दोघांची.

तीसला तो पुन्हा अमळनेरला गेला. कट्टा शिवलेला, डबा हातात, आणि हमालाला दोन्ही वेळचे पैसे. भाईदासभाऊ काट्यावरच होते. कट्टा परत आलेला पाहून त्यांचा चेहरा उतरला आणि मग चढला.

“आमना दाना तुमले चालत नही का?”

“चालतो भाऊ. वजन करा, भाव लावा, बिल द्या. मी विकत घेतो.”

“फी म्हणून दिला होता.”

“फीचा ड्राफ्ट वेगळा द्या. त्याची मी पावती देतो.”

भाऊ म्हणाले की हा द्राविडी प्राणायाम कशासाठी. उजव्या हातानं द्यायचं, डाव्या हातानं घ्यायचं, शेवटी एकच. झुलालनाना दारात उभे होते. त्यांनाही ते कळलं नव्हतं, आणि परवा आपण सुचवलं ते फुकट गेलं म्हणून ते थोडे हिरमुसलेही होते. पंडितनं टाइप केलेला कागद काट्याच्या कडेवर ठेवला. त्याला ही गोष्ट टाळून काम उरकता आलं असतं. एजन्सीच्या नियमात रोखच लागते, असं सांगितलं असतं तरी चाललं असतं. येताना गाडीत त्यानं तेच घोकलं होतं.

“नानांच्या आजोबांना खळ्यावर दाणे मिळायचे,” तो म्हणाला, “तसे माझ्याही आजोबांना मिळायचे, पहूरला. फरक एवढाच, की नानांच्या आजोबांचं काम नांगराचं होतं. माझ्या आजोबांचं काम काय ते कुणी ठरवलेलंच नव्हतं. हाक आली की जायचं. आमच्या लोकांनी ते सोडलं. माझे वडील अजून दारात खुर्ची टाकून बसलेत, भाऊ. हा कट्टा बिलाशिवाय आत जाणार नाही.”

आत घाण्याचा आवाज चालू होता. नानांनी खाली बघितलं. भाईदासभाऊ काट्यावरून उठले, आणि काटा त्र्याऐंशीवरून शून्यावर आला.

“ठेव रे त्याले वर,” ते हमालाला म्हणाले.

कट्टा एकोणपन्नास किलो सहाशे ग्रॅम भरला.

“चारशे ग्रॅम?”

“शेजारच्या बकरीनं खाल्ली. पन्नासचंच बिल करा.”

“तुमना दारवरली बकरी शे, पन्नासचंच करसू,” भाऊ म्हणाले. हा त्यांचा समेट होता. ज्वारी तीन रुपये वीस पैसे किलो, तेलाचा डबा पाचशे चाळीस, एकूण सातशे. नाना आत जाऊन बसले, एका बोटानं त्यांनी नवं खातं उघडलं आणि पंडितला हाक मारून विचारलं, की पत्ता मेहरूण, जळगाव एवढाच पुरे ना. प्रिंटर किरकिरत चालला आणि बिल बाहेर आलं. पंडितनं विकलेल्या ‘सुगम’मधून पंडितच्याच नावाचं पहिलं बिल.

तोवर भाईदासभाऊंनी कागद वाचला. चार फेऱ्या ठीक. फोनची वेळ ठीक. ‘घरगुती कार्य’ या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं.

“म्हणजे पोरीच्या लग्नाला येणार नाही?”

“पत्रिका दिली तर येईन. जेवायला.”

भाऊ हसले, पण पुढच्याच ओळीवर त्यांनी व्यापारी चेहरा लावला. “तीन नही, पाच साल लिखा.”

बराच वेळ घासाघीस होऊन चार ठरली. पंडितनं तीनवर काट मारून चार लिहिलं, दोघांनी त्यावर आद्याक्षरं केली आणि खाली सह्या. भाऊंनी ड्राफ्टसाठी माणूस बँकेत पिटाळला. बाकीच्या पाचांपैकी दोघांनी कागद वाचून सह्या केल्या. तिघे म्हणाले, परवाचं बरं होतं; रोखीचं असेल तर विचार करावा लागेल. लुनावाला त्या तिघांत होता. पंडितनं त्याला मुलाच्या गणिताचं काही जमणार नाही असंही सांगून टाकलं.

सोळा आणि तीन, एकोणीस.

एकतीस मार्च शुक्रवारी होता, आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. जळगावच्या बँकेत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन गिऱ्हाइकांनी रोख दिली होती, त्यांचे ड्राफ्ट काढायला पंडित रांगेत उभा राहिला. हातातली यादी त्यानं पुन्हा खालपासून वर मोजली. एकोणीसच. एका ड्राफ्टसाठी दोन वर्षं, एक टेबल आणि टायपिंगच्या खडखडाटात मारलेल्या सगळ्या आरोळ्या धुळ्याच्या थंड खोलीत जाणार होत्या. बोट वर सरकत सरकत पहिल्या नंबरावर आलं. नंबर एक: पंडित सुपडू सुरवाडे, जळगाव. त्या ओळीपुढचा रकाना कोराच होता.

तुम्ही भरता का दरसाल?

त्यानं तिसरी स्लिप भरली. बाराशे पंच्याहत्तर. सव्वाचार महिन्यांचं टेबलाचं भाडं, आणि हातात काय येणार, तर एक नंबर. आजवर सत्तावीस जणांना त्यानं सहज हसून सांगितलेला आकडा त्याला पहिल्यांदा मोठा दिसला.

दुपारी घरी जेवायला गेला तेव्हा खुर्ची दारातून हललेली होती. कट्टा आत, चुलीजवळ; बिल तारेत. आबांनी त्याच्यावरची बेरीज तपासून खाली रेघ मारली होती. मंदा भाकरी थापत होती. पंडितनं वीस ड्राफ्ट पसरून दाखवले. आबांनी एकेक पाहिला, विसाव्याशी थांबले, नाव वाचलं आणि विचारलं, याची पावती कोण देणार. पंडितनं पावतीपुस्तक काढून स्वतःच्या नावानं पावती लिहिली, स्वतःच सही केली आणि आबांच्या हातात दिली.

आबांनी ती ओवली. मग भाईदासभाऊंच्या सहीचा कागद हातात घेऊन सावकाश वाचला.

“चार वर्षं भाव वाढवनार नाही असं तू त्याले लिहून देलं,” ते म्हणाले. “तुले कोनं लिहून देलं?”

जेवण झाल्यावर पंडित क्लासवर गेला, तोच मजकूर पुन्हा टाइप केला, फक्त एजंटच्या जागी कंपनी आणि गिऱ्हाइकाच्या जागी आपलं नाव घातलं: पुढील चार वर्षं रक्कम हीच राहील. गिऱ्हाईक क्रमांक एक म्हणून सही केली. दुसऱ्या सहीची जागा मोकळी सोडून तो कागद विसाव्या ड्राफ्टला टाचला, आणि कुरिअरवाला शटर ओढत असताना पाकीट त्याच्या हातात दिलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून पाकीट आलं. एजन्सी पुढील आदेशापर्यंत चालू. सोबत वीस गिऱ्हाइकांचे वीस नंबर. अमळनेरला फोन लावून त्यानं झुलालनानांना त्यांचा नंबर दिला. तिकडे एकेक आकडा दाबल्याचा आवाज ऐकू आला, मग नाना म्हणाले, “उघडनं.”

पाकिटाच्या तळाशी पंडितचा कागद होता. सहीची जागा कोरी होती. पण कुणीतरी, बहुधा त्या फोनवरच्या मुलीनंच, कोपऱ्यात जांभळा शिक्का मारला होता: ‘मिळाले’, आणि खाली तारीख.

संध्याकाळी आबांनी तो कागद उजेडाकडे धरून पाहिला. सही नाही हे त्यांनी आधी नोंदवलं. मग शिक्का वाचला, तारीख वाचली, आणि म्हणाले की पोचल्याचं तरी नाकबूल करता यायचं नाही. त्यांनी तार भिंतीवरून उतरवली, दळणाच्या पावतीवर तो कागद ओवला आणि पंडितला सांगितलं, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा पाठव.